सव्वा मूठ

यंदाही धुरपामायने आपल्या धाकट्या हिरामणच्या नावाची मूठ घातली. मी समोरच बसले होते. थोरल्या पोपटची मूठ झाली, पोपटच्या दोन पोरांची झाली, आणि मग म्हातारी गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मना हिरामणनी," आणि गव्हाच्या टोपलीत हात घातला. त्यानंतर तिने आणखी एक मूठ काढली. ती कुणाची ते सांगायलाच मी बसले आहे, पण त्याच्या आधी हिरामण सांगायला हवा.

आमच्या खानदेशी घरांत श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सुरतेत येऊन दोन पिढ्या झाल्या, पोरं घरात हिंदी फाडतात, पण कानबाई सुटली नाही. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात, दर माणशी सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते. माणूस फक्त जिवंत पाहिजे. मेलेल्याची मूठ घालत नाहीत. आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा, पौर्णिमेच्या आत संपवायचा, कण बाहेर जाऊ द्यायचा नाही. हिरामण जिवंत आहे की नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नाही. त्याचा फोन नाही, निरोप नाही. पण म्हातारीला तसं विचारायची कुणाची छाती होत नाही. माझीही नाही, आणि मी तोंडाची किती फटकळ आहे ते आमच्या लिंबायत भागात कुणालाही विचारा.

हिरामण आमच्या शेजारचा. दोन घरांत एकच भिंत, तीही अशी की तिकडे मिरचीची फोडणी पडली की इकडे आम्ही शिंकायचो. सुरतेत तो मोठा पूर येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी लग्न होऊन इथे आले. पहिल्याच आठवड्यात ओट्यावर भांडी घासत होते, तर हा विशीतला पठ्ठ्या समोर उभा राहून मला विचारतो, "वहिनी, उद्या सगळं बंद पडलं तर घरातून पहिलं काय उचलाल?"

ना नाव, ना गाव, ना रामराम. मी म्हटलं, "तुमच्या डोक्यात घालायला वरवंटा."

तो एकदम खूश झाला. "चांगलंय. वरवंट्याने मिरची वाटता येते आणि कुलूपही तोडता येतं. आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

हा प्रश्न तो सगळ्यांना विचारायचा. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, इंजेक्शन देणाऱ्या नर्सबाईला, एकदा तर त्याच्या कारखान्याच्या शेठला. शेठ म्हणाला तिजोरी, तेव्हा हा म्हणाला, "शेठ, तिजोरी शिजत नाही." त्याचे खिसे म्हणजे किराणा दुकान होतं. तुरटीचा खडा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, मेणबत्तीचे तुकडे, मीठ-साखरेच्या पुड्या, सुई, एक शिट्टी. लोक हसायचे. मीही हसले. पण माझ्या पोरीला भर दुपारी जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि तिचे डोळे फिरले, तेव्हा दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या तोंडात चमच्याने पाणी गेलं ते त्याच्याच पुडीचं. त्यानंतर त्याच्या खिशांना नावं ठेवणाऱ्याशी मी भांडत आले.

बमरोलीच्या एका कारखान्यात तो जेकार्डचे पुठ्ठे पाडायचा. साडीच्या पदरावरचा मोर लूमला कळतो तो या पुठ्ठ्यांवरच्या भोकांनी. चौकटीच्या कागदावर नक्षी काढलेली असते, ती बघत एकेका पुठ्ठ्यावर भोकं पाडायची आणि मग ते पुठ्ठे दोरीने ओवून लांबलचक साखळी करायची. एक भोक चुकलं की मोराची मान तुटलीच. तो पुठ्ठा वाया. "भोक बुजत नाही, वहिनी. दुसरा पुठ्ठा घ्यायचा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दूध उतू गेलं तरी तेच, कुणाची नोकरी गेली तरी तेच. मला त्या वाक्याचा इतका वैताग यायचा की एकदा मी त्याला म्हटलं, "माझ्या मयतीलाही हेच म्हणाल." तर म्हणाला, "तुमचा दुसरा पुठ्ठा कुठून आणणार?"

वाया गेलेले पुठ्ठे तो घरी आणायचा. त्यांच्या कोऱ्या भागावर, भोकं चुकवत चुकवत, बारीक अक्षरात त्याने एक कादंबरी लिहायला घेतली होती. त्याच्या घराच्या वरच्या खोलीत तिची साखळी खुंटीला टांगलेली असायची, घडीवर घडी.

वरच्या त्या पत्र्याच्या खोलीत बिपिन राहायचा. ओडिशाचा, गंजाम जिल्ह्यातला, लूमवर कामाला. सावळा, अबोल, हसला की डोळे मिटायचे. कागदोपत्री तो धुरपामायचा भाडेकरू. हिरामणही वरच झोपायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, खाली वारा येत नाही. पत्र्याखाली कसला आलाय वारा! पण तेव्हा माझ्या डोक्यात तो प्रकाश पडला नव्हता.

उलट मी शहाणीने त्याच्यासाठी स्थळ आणलं. पारोळ्याकडची माझी मावसबहीण, गोरी, शिकलेली. फोटो दाखवला. त्याने तो नीट पाहिला, परत दिला आणि म्हणाला, "पोरगी छान आहे. पण वहिनी, माझं झालंय."

"कधी?"

"पुरात."

मी फिदीफिदी हसले. तो हसला नाही. मग त्याने ओट्याच्या पायरीवर बसून मला ते सांगितलं. पूर आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, बमरोलीच्या एका कारखान्याच्या गच्चीवर अडकलेला. तिथे दुसरा एकच जण होता, बिपिन. याला ओडिया येत नाही, त्याला अहिराणी येत नाही आणि दोघांचंही हिंदी बेतास बात. हिरामणला पोहता येत नव्हतं, म्हणून बिपिनने त्याला कारखान्यातल्या दोरीने पाण्याच्या टाकीला बांधलं, आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. जवळ कुरमुऱ्याची अर्धी गोणी होती. तीन दिवस बिपिनने त्या कुरमुऱ्यांच्या मुठी मोजल्या. एक याची, एक त्याची. "तिसऱ्या दिवशी होडी आली," हिरामण म्हणाला, "आणि वहिनी, खोटं नाही सांगत, मला वाईट वाटलं."

खरं सांगते, मला ते पचलं नाही. मी पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाही. फोटो परत पाठवला तेव्हा मावशीला काहीतरी थाप मारली, आणि त्या थापेचा रागही त्याच्यावरच काढला. मग एका दुपारी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले, तर पलीकडे ते दोघं पुठ्ठे ओवत बसले होते. एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. हा ओढायचा तेव्हा तो सैल सोडायचा, तो ओढायचा तेव्हा हा. पाऊण तास एक शब्द नाही. आमच्या ह्यांच्याबरोबर मी साधी चादर घडी करायला घेतली तरी भांडण होतं. मी पापड तसेच ठेवून खाली आले आणि एक वाटी बटाट्याची भाजी वर पाठवून दिली. हिरामण वाटी परत द्यायला आला आणि विचारलं, "वहिनी, पुठ्ठा बदलला का?"

"बदलला," मी म्हटलं. "आता जास्त शहाणपणा नको."

तेव्हापासून त्याची गोष्ट माझ्या ओट्यावर सुरू झाली. दुपारी तीनच्या सुमारास गल्लीतल्या आम्ही सात-आठ जणी साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसायचो. हिरामणची पाळी रात्रीची, त्यामुळे दुपारी तो मोकळा. साखळीची चळत मांडीवर घेऊन यायचा आणि एकेक पुठ्ठा उलटत वाचायचा.

गोष्टीत सुरत रिकामी झालेली. आधी पाणी, मग रोगराई, मग उरलेली माणसं निघून गेलेली. मागे राहिलेत दोन पोरं, सोळा-सतरा वर्षांची. चिंधा आपल्याकडचा, कान्हू तिकडचा. दोघं कपड्याच्या मार्केटात सातव्या मजल्यावर राहतात. थंडी वाजते म्हणून दुकानं फोडतात, तर हजारो साड्या, पण सगळ्या पॉलिस्टर. आख्ख्या मार्केटात उबेला एक सुती कापड सापडत नाही. यावर आम्ही इतक्या हसलो की कामं थांबली. पोरं तापीचं पाणी साडीच्या आठ घड्यांतून गाळतात, तुरटी फिरवतात. शेजारची काशीबाई म्हणाली, "आठ घड्यांनी काय होतंय? सोळा घाल." दुसऱ्या दिवशी हिरामणने येऊन आधी तेच सांगितलं, "बायांनो, सोळा केल्या." त्याने घरी गाळून पाहिलं होतं. गोष्टीतलं काहीही तो स्वतः करून पाहिल्याशिवाय लिहायचा नाही. एकदा चिंध्याला चपलेचं कातडं उकळून प्यावं लागतं. त्या आठवड्यात हिरामणचं पोट बिघडलं होतं, आणि बिपिन त्याला ओडियात शिव्या घालत होता.

मी त्याला एकदा विचारलं, "हे छापणार कोण? वाचणार कोण?"

"मोठ्यांसाठी नाहीच आहे हे. पोरांसाठी आहे. सोळा वर्षांचा असताना मला वाटायचं, असा जगात मी एकटाच. एखाद्या पोराच्या हातात हे पडलं तर त्याला कळेल, जग बुडालं तरी एक जण उरतो." मग पुठ्ठे गोळा करत म्हणाला, "आणि घरात कळावं म्हणूनही. तोंडाने सांगता येत नाही ना."

गोष्टीत चिंध्याला ताप येतो. तीन दिवस उतरत नाही. कान्हू त्याच्या उशाशी बसतो, त्याच्या कपाळावर ओला पदर ठेवतो, आणि मग वाकून त्या कपाळाचा मुका घेतो. हिरामणने ते वाचलं आणि पुठ्ठा तसाच धरून बसला. सगळ्यांची नजर काशीबाईकडे, कारण गल्लीतली सगळ्यात कर्मठ तीच, सोवळ्यात वाळत घातलेल्या कपड्याला सावली लागली तरी पुन्हा धुणारी. काशीबाईने टिकली चिकटवली, बोट साडीला पुसलं आणि म्हणाली, "मंग? पुढे वाच ना. ताप उतरना का त्याना?"

हिरामणने घाईने पुढचा पुठ्ठा उलटला.

एक माणूस मात्र ओट्यावर कधी आलं नाही. धुरपामाय. तिच्या घराचं दार माझ्या ओट्याला लागून. त्या दाराआड बसून ती तांदूळ निवडायची. रोज तीन वाजता, रोज तेच एक सूप. वरच्या खोलीतलं तिला कळत होतं की नाही, तिनेच जाणे. बिपिनला ती 'भैय्या' म्हणायची. त्याच्या भाकरीवर तूप घालायची, तो आजारी पडला की काढा द्यायची, पण दारात उभं करून. उंबऱ्याच्या आत त्याचं ताट कधी मांडलं नाही.

हिरामणला तेवढंच हवं होतं. पैसा नको, छापलेलं पुस्तक नको. बिपिनचं ताट आत लागावं. तेरा वर्षं कानबाईच्या रोटाच्या दिवसांत बिपिन बाहेर मेसमध्ये जेवायचा, कारण रोट परक्याला चालत नाही, आणि तेवढे दिवस त्या घरात चूल रोटासाठीच. त्या दिवसांत हिरामण एक घास कमी खायचा. मला दिसायचं.

लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी त्याने तोंड उघडलं. शनिवारी गहू मोजायला भाऊबंद जमले होते, धुळ्याकडून दोघं चुलत भाऊही आले होते. मी शेजारधर्म म्हणून गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरायला गेले होते. मुठी मोजून झाल्या, म्हातारीने टोपली सरकवली, तेव्हा हिरामण म्हणाला, "माय, आखो येक मूठ ऱ्हायनी."

"कोणनी?"

"बिपिननी."

पोपट म्हणजे त्याचा थोरला भाऊ. तो ताडकन उठला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? भाडेकरूची मूठ? तो कोण लागतो आपला?"

हिरामण काय बोलणार होता देव जाणे. तो आईकडे बघत होता. म्हातारीचा हात टोपलीत होता, गव्हाच्या आत, मनगटापर्यंत. तो हात कितीतरी वेळ तिथेच राहिला. मला वाटलं, काढते आता मूठ बाहेर. काढली, पण रिकामी. पदराला हात पुसून ती म्हणाली, "पराया माणूसनी मूठ नही घालतस, भाऊ."

बिपिन जिन्यावर होता. त्याने सगळं ऐकलं. डोळे मिटून हसला, चपला घातल्या आणि मेसकडे गेला. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. स्वतःचाही. मी तिथे होते, मला तोंड आहे, आणि मी गंगाफळ चिरत राहिले.

महिनाभराने हिरामणने नवे पुठ्ठे वाचले. चिंधा आणि कान्हूला गव्हाची एक गोणी सापडते. शेवटचे गहू. चिंधा रोज सकाळी मोजतो, मोठ्याने. "सव्वा मूठ मनी. सव्वा मूठ तुनी." कान्हू विचारतो, ही पाव मूठ वर कशाला? चिंधा सांगतो, आमच्यात घरच्या माणसाची अशीच मोजतात. दाराआड सुपाचा आवाज थांबला होता. मी मुद्दाम वाकून पाहिलं नाही.

मग लॉकडाऊन आला. हिरामणच्या प्रश्नाला आम्ही इतकी वर्षं हसलो होतो, आणि एका दिवसात सगळं बंद पडलं. लिंबायतमध्ये लूमचा खडखडाट थांबला. तो आवाज नसताना झोपायची सवय नव्हती आम्हाला, माणसं दचकून उठायची. हिरामण मात्र कामाला लागला. कुणाकडे काय संपलं, कुणाला काय द्यायचं, गल्लीची यादी त्याच्या खिशात. त्याच्या काडेपेट्या आणि साखर-मिठाच्या पुड्या घरोघर गेल्या.

बिपिनचं काम सुटलं. गावाकडे त्याची आई एकटी. गाड्या सुटायला लागल्या तेव्हा तो निघाला. "एक महिन्यात येतो," म्हणाला. हिरामणने त्याच्या पिशवीत काय काय भरलं! तुरटी, चणे, दोन बाटल्या गाळलेलं पाणी. शेवटी स्वतःच्या खिशातली शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली. गल्ली बघत होती म्हणून दोघांनी हातसुद्धा हातात घेतला नाही.

गावाहून बिपिनचा रोज पाचला फोन यायचा, माझ्या फोनवर, कारण घरी पोपट कान देऊन बसायचा. हिरामण माझ्या जिन्यात बसून बोलायचा. गावाबाहेर चौदा दिवस ठेवलं होतं, ते संपून बिपिन घरी गेला. पाऊस लागला. मग त्याला ताप आला. मग दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी पाचला वाजला तो मीच उचलला. त्याच नंबरवरून एक बाई बोलत होती, बिपिनची बहीण. मोडक्या हिंदीत म्हणाली, "भाई नहीं रहा. हिरामणभाई को बोल देना. वो आखरी तक उसका नाम लेता था."

हिरामण जिन्यात येऊन बसलाच होता, हात पुढे करून. फोन मागत होता. मी काय सांगू? मी तशीच उभी. मी फोन पदरात धरून ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"कधी?" त्याने विचारलं.

"काल पहाटे."

"काही खाल्लं होतं का त्याने?"

मी म्हटलं, "विचारलं नाही हो." त्याचं मला आजही वाईट वाटतं. विचारायला हवं होतं.

तो रडला नाही. पायरीवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "वहिनी, घरात सांगू नका. माय 'बरं झालं' नाही म्हणायची, मला माहीत आहे. पण तिच्या तोंडावर क्षणभर जरी तसं दिसलं, तर मला तिच्याकडे पुन्हा बघता येणार नाही." मी पोरीच्या गळ्याची शपथ घेतली.

पंधरा दिवसांनी कानबाई आली. भाऊबंद येऊ शकले नाहीत, घरातलेच. शनिवारी मी गेले. हिरामण भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. म्हातारीला वाटत होतं काम नाही म्हणून पोरगा सुकलाय. तिने मुठी मोजल्या. पोपटची, पोपटच्या दोन्ही पोरांची, हिरामणची. मग पोपटकडे असं बघितलं की तो बोलायला उघडलेलं तोंड मिटून बसला. आणि म्हणाली,

"आनि बिपिननी."

सव्वा मूठ. भरघोस. चार दाणे जमिनीवर सांडले तेही वेचून तिने टोपलीत टाकले. मग लाजल्यासारखी, हिरामणकडे न बघता म्हणाली, "ती गोष्टमां तो चिंधा मोजस ना... मी आयकं. तेरा वरीस मना दारमां जेवना तो. पराया कसा? त्याले फोन कर, पुनवना पहिले ये म्हन. रोट त्यानाबी शे."

मी हिरामणकडे बघूच शकले नाही. त्याने एक शब्द उच्चारला असता तरी ती मूठ परत काढावी लागली असती. मेलेल्याची मूठ चालत नाही, रोट बाटतो, घराला लागतं, ही आमची समजूत. त्याला ते माझ्याइतकंच माहीत होतं. ज्या मुठीसाठी त्याने अर्धं आयुष्य वाट पाहिली, ती समोर टोपलीत पडली होती, आणि ती खोटी होती. टोपली दळायला गेली तरी तो गप्प होता. मीही गप्प होते. कानबाईने आम्हा दोघांना काय शिक्षा द्यायची ती द्यावी.

त्या दिवसापासून म्हातारी रोज विचारायची, "निंघना का तो?" आणि हिरामण म्हणायचा, "निंघना, माय." दुसऱ्या दिवशी, कुठवर आला म्हणून, "कथा उना?" "गाडीमां शे." बिपिनच्या वाटणीचा रोट तिने वेगळा, फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवला होता.

मधल्या एका दुपारी बायका सवयीने माझ्या ओट्यावर जमल्या. साड्या नव्हत्या, टिकल्या नव्हत्या, नुसत्याच बसलो. काशीबाई म्हणाली, "हिरामण, ते राहिलंय ना? कान्हू गव्हाची दुसरी गोणी शोधायला गेलाय. येतो का तो परत?" हिरामण वर गेला, साखळी घेऊन आला, शेवटचे पुठ्ठे उलटले आणि वाचलं. कान्हू परत येतो. पाठीवर गोणी, गळ्यात शिट्टी. चिंधा सातव्या मजल्यावरून शिट्टी ऐकतो आणि अनवाणी जिने उतरत सुटतो. काशीबाईने पदराने डोळे पुसले. दाराआडून म्हातारीचा आवाज आला, बारा वर्षांत पहिल्यांदा. "बरं व्हयनं बाई, उना."

ती साखळी आता माझ्याकडे आहे. जाताना त्याने माझ्या दारात ठेवली. मी ती दहा वेळा उलटून पाहिली. कान्हू गोणपाट खांद्यावर टाकून निघतो, तिथे लिखाण संपतं. पुढचे पुठ्ठे कोरे आहेत, नुसत्या भोकांचे.

पौर्णिमेनंतर दुसऱ्या दिवशी तो बिपिनच्या गावाला गेला, तिथून परत आला नाही. बिपिनच्या बहिणीला मी नंतर फोन केला. म्हणाली, आला होता, आईच्या पाया पडला, दोन दिवस राहिला, नदीकडे बसायचा, मग गेला. कुठे ते तिलाही माहीत नाही. पोपटने शोध केला, काही लागलं नाही.

पण मी डोळे मिटले की हिरामण मला दिसतो तो त्या पौर्णिमेच्या दुपारचा. मी राखीचा नारळ द्यायला गेले होते. रोट संपवायचा शेवटचा दिवस. म्हातारीने शिंक्यावरचं फडकं काढलं आणि विचारलं, "नही उना ना?"

"नही, माय. गाडी ऱ्हायनी त्यानी."

म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळलं असेल का? मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता दरवर्षी ती दोन्ही मुठी घालते ते बघून विचारायचं धाडस होत नाही. तिने उठून उंबऱ्याच्या आत, हिरामणच्या ताटाशेजारी, दुसरं ताट मांडलं. त्यात रोट वाढला, गंगाफळाची भाजी वाढली, वर तूप घातलं. मग म्हणाली, "तू खाई ले त्यानं. ऱ्हावाले नको."

हिरामणने स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. दुसरं ताट पुढे ओढलं. रोट कडक झाला होता. एकेक तुकडा तोडून, भाजीला लावून तो खात होता, सावकाश, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं ते पुसतही नव्हता. ताटाला चिकटलेले कण त्याने बोटाने टिपले. मग स्वतःचं ताट संपवलं. रोटाचे हात मोरीत धुवायचे नसतात, म्हणून दारापाशी खड्डा केलेला होता. तो तिथे बसला आणि म्हातारी तांब्या घेऊन स्वतः त्याच्या हातावर पाणी घालायला गेली.

"पोट भरनं का?" तिने विचारलं.

"भरनं, माय."

तिने आणखी थोडं पाणी घातलं. "आनि त्यानं?"

हिरामण ओल्या हातांकडे बघत म्हणाला, "त्यानं बी भरनं."